आधी मांस, मग शिंगं

अलास्का राज्याचं शिकार-खातं दरवर्षी नियमांचं एक पुस्तक काढतं. बारीक अक्षर, पानोपानी नकाशे, कुठल्या विभागात कुठलं जनावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मारता येईल याचे तक्ते. मी आगाशीत राहणारा, मासळीच्या साठ्यांचा अभ्यास करणारा माणूस. बंदूक आयुष्यात हातात धरली नाही. तरी हे पुस्तक मी आवडीने वाचतो आणि घरचे त्यावरून माझी टिंगल करतात. माझ्या धंद्यातला मूळ प्रश्न मात्र त्यात जितका सरळ मांडलेला असतो तितका आमच्या सरकारी अहवालांत सापडत नाही. प्रश्न असा, की जिवंत प्राण्यांच्या साठ्यातून काढायचं किती, कुठला प्राणी काढायचा, आणि काढायला जाणाऱ्याला हे शिकवायचं कुणी?

मूस हे हरणांच्या कुळातलं सगळ्यांत मोठं जनावर. आपला सांबर थोराड झाला तरी तीनशे किलोंच्या आसपास थांबतो. अलास्कातला पूर्ण वाढीचा नर सातशेच्या घरात जातो. सप्टेंबर आला की तिथली कित्येक माणसं मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन निघतात. पाण्यावर उतरणारं छोटं विमान त्यांना एखाद्या तळ्याकाठी सोडतं आणि ठरल्या दिवशी परत न्यायला येतं. तोवर रस्ता नाही, फोन नाही, शेजार अस्वलांचा. विमानातून उतरलेल्या माणसाला त्या दिवशी शिकार करता येत नाही; दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत थांबावंच लागतं. वरून जनावर हेरायचं आणि खाली उतरून लगेच टिपायचं, हा लबाडीचा मार्ग कायद्याने आधीच बंद केलाय.

मग दुर्बीण. बऱ्याच विभागांत कुठलाही नर चालत नाही. शिंगांचा पसारा पन्नास इंच हवा, नाहीतर कपाळावरच्या फाट्यांची संख्या नियमात बसायला हवी. बाप दुर्बीण पोराच्या हातात देतो आणि फाटे मोजायला सांगतो. एक फाटा पानाआड आहे की नाहीच, याची खात्री होईना तर चाप ओढायचा नाही. दहा वर्षांखालच्या मुलाने मारलेलं जनावर सोबतच्या मोठ्या माणसाच्या वाट्यात धरलं जातं, त्यामुळे पोराची घाई बापाला महागात पडते. हा नियम ज्याने कुणी लिहिला त्याला स्वतःला पोरं असणार.

मला सगळ्यांत आवडणारा नियम त्यानंतरचा. सातशे किलोंच्या नरापासून सव्वादोनशे किलोंच्या आसपास खाण्याजोगं मांस निघतं. ते सगळं, मानेचं, बरगड्यांमधलंसुद्धा, पाठीवर लादून दलदलीतून बाहेर काढणं सक्तीचं आहे. शिंगं हलवायची ती मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर किंवा त्यानंतर. भिंतीवर लावायची वस्तू सगळ्यांत शेवटी. आधी शिंगं नेली आणि मांस मागे राहिलं तर गुन्हा.

आमच्याकडे हा सगळा विषय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटवला, आणि ते बरंच झालं. आगाशीहून पूर्वेला रेल्वे ओलांडली की तुंगारेश्वरचं अभयारण्य. तिथे कुणी मुलाला शिकार शिकवायला नेईल तर वनखातं दोघांनाही उचलेल. पण पश्चिमेला, सुकेळ्यांच्या वाड्या संपल्या की अर्नाळा लागतं, आणि अर्नाळ्याच्या पुढे जो मुलूख आहे तिथे शिकार आजही कायदेशीर आहे, पोटापाण्याची आहे आणि बापाकडून मुलाकडेच जाते. आपण तिला मासेमारी म्हणतो म्हणून तिच्याकडे त्या नजरेने बघत नाही, एवढंच. डोलीच्या जाळ्यात बोंबील-जवळा घेणं हे माझ्या मते पीक काढण्यासारखं काम. घोळीच्या मागे जाणं मात्र अस्सल शिकार आहे.

घोळ हा मीटरभर आणि त्याहूनही लांब वाढणारा मासा. चंदेरी-तपकिरी अंग, पाठीवर काळसर ठिपके. इराणच्या आखातापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा वावर. घोळी थव्याने जमतात आणि ठरावीक जागी पुन्हा पुन्हा जमतात. ती जागा ठाऊक असणं हीच तांडेलाची, म्हणजे बोटीच्या म्होरक्याची, मिळकत. २०२१च्या ऑगस्टअखेरीस, पावसाळी बंदी उठून महिना होत असताना, पालघरजवळच्या मुरब्याच्या एका बोटीला वाढवणसमोरच्या समुद्रात एकाच फेरीत १५७ घोळी लागल्या आणि त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये झाले. देशभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी आली. त्यानंतरच्या हंगामांत किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात पोरांनी बापाला एकच आकडा ऐकवला असेल.

हा पैसा मांसाचा नव्हे, भोताचा. माशाच्या पोटात, कण्याला चिकटून, हवेची पिशवी असते. तिच्या मदतीने मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगतो. ही पिशवी वाळवून चीन, हाँगकाँगकडे जाते, तिचं सूप करतात, ती भेट देतात, साठवूनही ठेवतात. व्यापार नवा नाही. इंग्रजी अमदानीतही मुंबईहून भोत चीनला जात, आणि दारू निवळायला लागणारा पदार्थ भोतापासूनच करत. नवा आहे तो भाव. नराचा भोत जाड, म्हणून त्याचा दर मादीच्या कितीतरी वर.

बंदरावर हे काम बघण्यासारखं असतं. जाणता माणूस पोटावर लांब चीर देतो, आतडं बाजूला सारतो आणि बोटं कण्यालगत घालून भोत नखाने सोडवत जातो. सुरी तिथे लावायची नाही. टोक लागून भोक पडलं की किंमत पडली. बाहेर येतो तो मेणचट पांढरा, दोन्ही कडांना झालरीसारखे फाटे असलेला. धुऊन फडक्यावर ठेवतात आणि माणसं भोवती कोंडाळं करतात. मासा तिथेच पलीकडे पडलेला असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. मला रस असतो त्या मागे पडलेल्या डोक्यात. घोळीच्या कवटीत दोन टपोरे खडे असतात. त्यातला एक कापून, घासून भिंगाखाली धरला की वाढीची वलयं दिसतात आणि माशाचं वय कळतं. डोकं मागितलं की मिळतं, फुकट. शिंगं आधी आणि मांस मग, हा व्यवहार आमच्या धक्क्यावर रोज चालतो, आणि त्यात बेकायदेशीर काही नाही.

अर्नाळ्याचे एक तांडेल मला नमुने गोळा करायला बोटीवर घेतात. त्यांचा मुलगा दहावी झाल्यावर सोबत यायला लागला. पहिल्या हंगामात त्याच्याकडे चूल, बर्फ फोडणं आणि जाळं ओढताना शेवटचा दोर. किनाऱ्याचं नेटवर्क सुटेपर्यंत तो मोबाइलमध्ये, मग नाइलाजाने समुद्रात. बाप त्याला फारसं काही सांगत नाही. पाणी किती वाव, उधाण कुठल्या तिथीपासून उतरेल, भांगाला ओढ मंदावली की जाळं कसं पडतं, हे तो खलाशांशी कामाच्या ओघात बोलतो, ते पोराच्या कानावरून जातं. पोरगं ते सगळं जीपीएसमध्ये टाकतं. बापाच्या डोक्यातला नकाशा यंत्रात उतरला, आणि यंत्रातला नकाशा पैसे दिले की विकत मिळतो, ही गोष्ट बापाला कळते पण तो बोलत नाही.

खोल पाण्यातून वर आलेली घोळ फळीवर पडली की गुरगुरते. या कुळातले मासे भोतालगतचे स्नायू थरथरवून आवाज काढतात. भोत म्हणजे त्यांचा नगारा. एकदा तसा आवाज झाला आणि पोराने हातातला दोर तसाच धरून विचारलं, "बाबा, नर का मादी?" तांडेल म्हणाले, "आधी तिला बर्फात घाल."

अलास्कातल्या बापाने हेच उत्तर दिलं असतं, असं मला वाटतं. तरीही दोघांची परिस्थिती सारखी नाही, आणि माझ्या विषयाचा पेच नेमका इथेच आहे. मूसची शिंगं दुर्बिणीतून मोजता येतात. जनावर लहान निघालं तर ते आपल्या वाटेने जातं. घोळ दिसते ती जाळ्यातून वर आल्यावर. तोवर दाब उतरल्यामुळे तिचा भोत फुगलेला असतो, जठर तोंडातून बाहेर आलेलं असतं. ती लहान आहे म्हणून पाण्यात सोडली तरी बहुधा जगत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात याच जातीवर झालेल्या अभ्यासांत खोल पाण्यातून काढलेल्या माशांचं असंच झालेलं दिसतं. त्यामुळे 'छोटी सोडा' हा उपदेश घोळीपुरता निरुपयोगी आहे. संयम दाखवायचा तर जाळं टाकण्याआधीच: जागा, वेळ, जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचा आकार.

महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवले. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं आणि गुजरातने घोळीला. पापलेटाची मर्यादा १३५ मिलिमीटर. चांगला निर्णय, छोटं पापलेट बाजारात विकायला बंदी आली की ते धरण्यात पैसा उरत नाही. पण हा नियम धक्क्यावर, पट्टी लावून पाळायचा आहे. घोळीला नियम हवा तो पाण्यातला. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात भोतासाठी घोळीची पकड एकाएकी वाढली, तेव्हा तिथल्या सरकारने २०१९ साली पूर्व किनाऱ्यावर व्यापारी पकडीला वर्षाला २० टनांची मर्यादा घातली. मेक्सिकोत तोतोआबा नावाच्या, याच कुळातल्या माशाच्या भोतापायी जाळी लागली, आणि त्या जाळ्यांत अडकून तिथला वाकिता हा चिमुकला डॉल्फिनसारखा प्राणी संपत आला. आपल्याकडे मात्र घोळीचा थवा जिथे जमतो तिथेच वाढवण बंदराचं काम येतंय; ३० ऑगस्ट २०२४ला त्याची पायाभरणी झाली. भराव पडल्यावर थवे कुठे जातील याचा अंदाज घ्यायचा तर आज ते कुठे जमतात, हे आधी लिहून ठेवायला हवं. ते ठाऊक आहे तांडेलांना, आणि ते का सांगतील?

अर्नाळ्यातले म्हातारे सांगतात, पूर्वी इंजिन बंद करून वल्हं पाण्यात घालायचं आणि दांड्याला कान लावायचा. खाली घोळी असल्या तर लाकडातून घुमारा कानात यायचा. मलेशियाच्या किनाऱ्यावर तर पाण्याखाली डोकं घालून थवा ऐकणारे खास जाणकार असत. अंडी घालायच्या काळात हा आवाज सगळ्यांत मोठा असतो. म्हणजे ज्या ज्ञानावर शिकार चालली, तेच ज्ञान कुठल्या रात्री जाळं टाकू नये हेही सांगू शकतं. आता ऐकण्याचं काम पाण्याखालचा मायक्रोफोन करतो. तो बोटीवर लावू द्या, नोंदी फक्त तुमच्या मच्छीमार सोसायटीकडे राहतील, असं मी तांडेलांना सुचवलं. पोराला यंत्र आवडलं. त्याने त्यात बोंबाबोंब करून स्वतःचाच आवाज भरून ऐकला.

तांडेलांनी मला जो हिशोब विचारला त्याला माझ्याकडे उत्तर नाही. "आम्ही त्या रात्री जाळं टाकलं नाही, आणि मागून आलेल्या मोठ्या बोटीने टाकलं, तर माझ्या पोराने काय शिकायचं?" अलास्कात तारीख संपली की सगळ्यांचीच बंदूक खाली येते, तळ्याकाठच्या बापलेकांचीही आणि श्रीमंत पाहुण्याचीही. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै सोडले तर अशी कुठलीच तारीख नाही. सोसायट्या एकत्र आल्या आणि थव्यांच्या चार-दोन जागा काही दिवसांपुरत्या सगळ्यांसाठीच बंद ठेवायच्या ठरल्या, तर मायक्रोफोन लावू, असं तांडेल म्हणतात. सातपाटी, मुरबे, अर्नाळा, वसई अशा चार ठिकाणी त्यासाठी बसावं लागेल. पहिली बैठक ते बोलवायला तयार आहेत, पण नारळी पौर्णिमेनंतर नाही. तेव्हा कुणाला वेळ नसतो.