फडाबाहेरचा सवाल

रॅपरांच्या आपसातल्या भांडणाला त्यांच्या धंद्यात ‘बीफ’ म्हणतात. महाराष्ट्रात हा शब्द उच्चारताना आधी इकडेतिकडे पाहावे लागते, हा भाग वेगळा. प्रतिस्पर्ध्याची अब्रू काढणारे गाणे म्हणजे ‘डिस’. ते आले की त्याने उलट गाणे सोडायचे, आणि कोण भारी पडले ते ऐकणाऱ्यांनी ठरवायचे. न्यूयॉर्कचे जे-झी आणि नास २००१ साली असे भिडले, २०२४ मध्ये केंड्रिक लमार आणि ड्रेक. जालना जिल्ह्यातल्या माणसाला मात्र ही रीत कळायला न्यूयॉर्कपर्यंत जावे लागत नाही.

आंबेडकर जयंती १४ एप्रिलची, पण मराठवाड्यातल्या खेड्यांत ती पुढे महिनाभर चाललेली असते. भोकरदन, जाफराबाद, मंठा या तालुक्यांतल्या एखाद्या वस्तीत कव्वालीचा मुकाबला ठरतो. एकाच मंचावर दोन गायनपार्ट्या. हार्मोनियम, ढोलक, बेंजो, मागे टाळ्या धरणारी कोरसची पोरे. पहिला गायक सवाल टाकतो, कधी इतिहासातला, कधी सरळ समोरच्याच्या उस्तादावरच. दुसऱ्याने तीच चाल पकडून उत्तर द्यायचे. चाल सुटली तर हसे, यमक चुकले तर त्याहून मोठे हसे. घाव बरोबर बसला की कोणी उठून दहा-वीसची नोट पुढे करतो आणि निवेदक त्याचे नाव माईकवरून पुकारतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी अशाच रात्रींतून गावोगाव पोचली. पहाटे दोन्ही पार्ट्या एकाच किटलीतला चहा पीत. रात्री ज्याचा बाप काढला त्याच्याच हातून विडी पेटवून घेत.

त्याआधीचा कलगी-तुऱ्याचा झगडा तर शेकडो वर्षांचा. कलगीवाले शक्तीला, मायेला थोर मानणार. तुरेवाले शिवाला, ब्रह्माला. भेदिक शाहिरीत या तत्त्वज्ञानाची कूटे रात्रभर एकमेकांवर फेकली जात. हरलेल्याने डफ जिंकणाऱ्याच्या हवाली करायचा, अशीही रीत सांगतात. कोकणात ‘शक्ती-तुरा’ या नावाने हा सामना अजून रंगतो. शिव मोठा की शक्ती, याचा निकाल एवढ्या शतकांत लागलेला नाही, आणि तो लागावा अशी कोणाची घाईही दिसत नाही. वाद मिटला तर पुढच्या वर्षी सुपारी कशाची घ्यायची?

या साऱ्या भांडणांना एक फड होता. टोमणा मारणारा आणि खाणारा समोरासमोर बसलेले असत, आणि उत्तराची बारी ठरलेली असे. रॅपने भांडण घेतले, फड मात्र त्याच्या हाती लागला नाही. गाणे बंद खोलीत तयार होते आणि फोनवर सुटते. मुंबईचा एमिवे बंटाय आणि रफ्तार यांची जुंपली ती २०१८ मध्ये. दोघांनी एकमेकांवर गाणी सोडली आणि दोघांचेही श्रोते वाढले. धंद्याच्या दृष्टीने ते भांडण नफ्याचेच ठरले. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन असल्याच वादांतून मोठा होत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला. पुढच्याच महिन्यात इंदूरमध्ये करणी सेनेच्या कार्यकर्त्यांनी भाषेवर आक्षेप घेऊन त्याचा कार्यक्रम बंद पाडला. समोर दुसरा रॅपर असता तर उत्तर गाण्यात आले असते; ते मंचावर चढून आले.

रॅपरच्या भांडणाचा खरा घोळ इथून सुरू होतो. समोरचा गाणारा नसला की जवाब वेगळ्याच कागदावर लिहिला जातो. यो यो हनी सिंगच्या गाण्यांत अश्लीलता असल्याची तक्रार नागपूरच्या पाचपावली पोलीस ठाण्यात २०१४ मध्ये गेली. प्रकरण वर्षानुवर्षे चालले, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला आवाजाचा नमुना देण्यास सांगितले. ज्या आवाजावर धंदा उभा, तोच पुराव्याच्या यादीत जाऊन बसला.

एप्रिल २०२३ मध्ये तर महिनाभरात अशी तीन प्रकरणे झाली. जालन्याला लागून असलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने ‘पन्नास खोक्यां’वर, म्हणजे शिंदे गटाच्या आमदारांनी बंडासाठी पन्नास कोटी घेतल्याच्या आरोपावर, रॅप केला. नाव कोणाचेच घेतले नव्हते, तरी शिंदे गटाच्या युवासेनेच्या पदाधिकाऱ्याने फिर्याद दिली आणि गुन्हा नोंदला गेला तो सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या अंबरनाथमध्ये. वडाळ्याच्या उमेश खाडेवर सत्ताधाऱ्यांवरच्या गाण्यापायी तिथल्या पोलिसांनी गुन्हा नोंदवला. तिसरे गाणे शुभम जाधवचे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत त्याचे चित्रीकरण झाल्यामुळे गदारोळ उठला. त्याचा मामला इतर दोघांपेक्षा वेगळा, त्यात आक्षेप जागेवरही होता. मुंगासेच्या प्रकरणात मात्र एक गोष्ट डोळ्यांत भरते. खोक्यांची घोषणा ऑगस्ट २०२२ मध्ये विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर, कॅमेऱ्यांसमोर दिली होती. तिथे तिला उलट घोषणेने उत्तर मिळाले, कारण दोन्हीकडे तोंडे होती आणि पायऱ्याही समाईक होत्या. तीच गोष्ट पोराने बीटवर बसवली, आणि उत्तर फिर्यादीतून आले. त्यामुळे गाणे आणखी पसरले, ते निराळे.

जालना जिल्ह्याने त्याच वर्षी शब्दांची मोठी लढाई पाहिली, ती रॅपरांची नव्हती. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मनोज जरांगे यांचे नाव राज्यभर गेले. १७ नोव्हेंबरला अंबडमध्येच ओबीसींची सभा झाली आणि छगन भुजबळ यांनी तिथून जरांगेंना जाहीर सवाल टाकले. जवाब यायला वेळ लागला नाही. दोन्ही बाजूंचे टोले ऐकले तर जुन्या फडाची लय कानावर येते. पण त्यावर बांधलेली गाणी वरातीतल्या डीजेवर वाजली तेव्हा प्रकार बदलला. रेकॉर्ड केलेल्या गाण्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. ज्याच्या दारावरून ते जाते त्याच्याकडे माईक नसतो. हातात काय येईल ते त्याच्या रागावर.

मुकाबले अजून होतात, पण रात्र आखूड झाली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत सवलत मिळते. महिनाभर लांबलेल्या जयंतीच्या सगळ्या रात्री त्यात कुठून बसणार? पाहुण्यांची भाषणे आणि सत्कार उरकेपर्यंत नऊ वाजतात. पहिली पार्टी उभी राहते, सवाल टाकते, नोटा पडू लागतात. दुसऱ्या पार्टीचा ढोलकवाला सूर मिळवत असतो, तोवर पोलिसांची गाडी रस्त्याच्या कडेला येऊन थांबते आणि आयोजक गायकाच्या कानात काहीतरी सांगतो. जवाबाची बारी राहून जाते. दुसऱ्या दिवशी त्या पार्टीतला कोणी तरुण फोनसमोर बसून ती गातो, आणि व्हिडिओखाली पहिल्या पार्टीच्या गावाचे नाव टाकतो.