एक दाणा कमी

वचन देणाऱ्यापेक्षा ते ऐकणाराच अधिक उदार असतो. देणारा चार शब्द बोलतो. ऐकणारा त्यांवर माडी चढवतो, माडीला सज्जा काढतो आणि सज्जात आरामखुर्ची टाकून बसतो. पटत नसेल, तर बदलीचा हुकूम हाती पडल्यानंतरची आपली पहिली रात्र आठवा. हुकुमात केवळ ‘शिलाँग’ एवढे नाव असते. पण मनात धुके उतरते, पाइनची झाडे सळसळू लागतात. प्रत्यक्षात जावे, तो तेच पिवळे सरकारी क्वार्टर, तेच लोखंडी कपाट आणि ‘आपले गाव कोणते?’ असे विचारणारे तेच शेजारी! धुके असते; पण ते नेमके ऑफिसच्या वेळात उतरते.

व्हिडिओ गेमचा व्यापार या उदारपणावरच चालतो. डिसेंबर २०१३ मध्ये इंग्लंडमधील ‘हॅलो गेम्स’ या लहानशा संस्थेने ‘नो मॅन्स स्काय’ या खेळाची पहिली झलक दाखवली. यानात बसावे, वाटेल त्या ग्रहावर उतरावे, तेथील प्राण्यांना नावे द्यावी, असा तो खेळ. ग्रहांची संख्या अठरावर अठरा शून्ये मांडूनही वर उरेल एवढी. म्हणजे दोनाचा चौसष्टावा घात. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशा हिशेबाने राजाकडे धान्य मागणाऱ्या चतुराची गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. त्याच्या चौसष्ट घरांतील दाण्यांची बेरीज या ग्रहांहून बरोबर एकाने कमी भरते. तो राजा वचन पाळू शकला नाही. खेळाचे काय होणार, याची सूचना त्या आकड्यातच नव्हती काय?

ऑगस्ट २०१६ मध्ये खेळ बाजारात आला. आकडा खोटा नव्हता. हे ग्रह कोणी हाताने रंगवून ठेवलेले नसतात. प्रवासी जवळ येईल तसे संगणक ते ठरावीक नियमांनी रचतो, आपण धातूला प्रत्यय लावून रूपे चालवतो तसे. पण एकाच नियमाची लेकरे ती! काही ग्रह हिंडल्यावर अनेकांना सर्वांचे नाकडोळे सारखेच दिसू लागले. त्यातच पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एका ग्रहावर, एकाच जागी येऊन उभे राहिले. दुसरा प्रवासी भेटणे दुर्मीळ, परंतु शक्य आहे, असे प्रमुख निर्माते शॉन मरी यांनी आधी मुलाखतींत सुचवले होते. दोघांनी पुष्कळ शोधले. दोघांनाही समोर कोणी दिसेना.

ब्रिटनच्या जाहिरात-नियामकाकडे तक्रारी गेल्या. जाहिराती दिशाभूल करणाऱ्या नाहीत, असा निर्णय नोव्हेंबर २०१६ मध्ये झाला. कागदोपत्री प्रकरण मिटले. पण मला वाटते, सारखेपणा माणूस सोसतो. सरकारी वसाहतींत आपण तो वर्षानुवर्षे सोसतोच. सोसवत नाही ते एवढेच, की इतक्या दूर यावे आणि ‘आपले गाव कोणते?’ असे विचारायलाही तेथे कोणी नसावे. अठरा शून्यांच्या त्या पसाऱ्यात कमी पडला तो हा एक दाणा.

निर्माते फारसे बोलले नाहीत. ते काम करीत राहिले आणि खेळात विनामूल्य भर घालत गेले. जुलै २०१८ मध्ये प्रवासी प्रवाशाला खरोखरच दिसू लागला.

मी हा खेळ घेतला तो त्यानंतर, २०१९ मध्ये, धाकट्या भावाच्या आग्रहावरून. तो मिरजेला, मी दिल्लीला. रविवारी रात्री आम्ही एखाद्या ग्रहावर भेटतो. ग्रह बहुधा मागच्यासारखाच असतो. तो खनिजे खणतो. मी उगाच टेकडीवर उभा राहतो. ‘दादा, कडेला नको जाऊस, पडशील,’ असे तो मधूनच म्हणतो. वडिलांच्या माघारी घर ठेवावे की विकावे, हा विषय फोनवर निघाला की आम्ही दोघेही गप्प होत असू, आणि गप्प झालेला फोन फार वेळ कानाशी धरवत नाही. तेथे हात कामात असतात; मौन खपून जाते. घर विकायचे नाही, हे आमचे ठरले ते एका जांभळ्या आकाशाखाली.

त्या ग्रहाला नाव देण्याचा मान भावाने मला दिला. मी ‘मिरज’ असे ठेवले. वाट चुकून तेथे उतरणाऱ्या प्रवाशाची कदाचित निराशा होईल. त्याचा इलाज नाही.