आप्पांचे कपाट

वारसाहक्काने माणसाला घर मिळते, भांडी मिळतात, क्वचित कर्जही मिळते; शहाणपण मात्र ज्याचे त्यालाच मिळवावे लागते. मला ते चाळिशी उलटल्यावर मिळाले, आणि तेही साताऱ्याला, आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांबरोबर चहा पिताना!

सांगलीच्या गावभागात आमच्या आप्पांचे पुस्तकांचे कपाट होते. आळीतल्या कुणीही यावे, वहीत नाव लिहावे आणि पुस्तक न्यावे. आप्पा गेले आणि मी कपाट टेंपोत घालून साताऱ्याला आणले. वडिलांचे ते मुलाचे, यात शंका कसली? शेजारच्या काकू एवढेच म्हणाल्या, "ने बाबा, तुझंच आहे." त्या 'तुझंच'मधली खोच मराठीच्या प्राध्यापकाला कळू नये!

मागे एकदा ग्रंथपालांनी 'कोहा'ची गोष्ट सांगितली. आमच्या ग्रंथालयाच्या नोंदी ज्या संगणकप्रणालीत आहेत, तिचे हे नाव. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआच्या ग्रंथालयात ती २००० साली सुरू झाली. परवाना असा, की कुणीही वापरावी, सुधारावी. मात्र सुधारून दुसऱ्याला दिली, तर त्यालाही हीच मोकळीक द्यावी. देशोदेशीच्या लोकांनी तीत भर घातली. पुढे २००७ साली 'लिबलाइम' कंपनीने मूळ कर्त्यांकडून कोहाचा व्यवसाय घेतला आणि २०१० साली लिबलाइमलाच दुसऱ्या कंपनीने विकत घेतले. मग न्यूझीलंडमध्ये 'कोहा' या नावावरच व्यापारचिन्हाचा हक्क मागितला गेला! ग्रंथालयाने हरकत घेतली. २०१३ साली तो अर्ज फेटाळला गेला.

"आणि समजा, नाव गेलं असतं तर?" मी विचारले.

"नाव गेलं असतं, पण एकदा वाटलेलं परत घेता आलं नसतं. दुकान विकत घेता येतं सर, शेकडो हातांनी घातलेली भर कशी घेणार?"

घरी येऊन मी कपाट उघडले. आप्पांची सही थोड्याच पुस्तकांवर होती. बाकीच्यांवर कुठे काकूंचे नाव, कुठे कोपऱ्यावरच्या शिंप्याचे. कपाटाच्या लाकडावर २०१९च्या पुराची रेघ होती. त्या पुरात पुस्तके माडीवर नेली ती आळीतल्या पोरांनी. मी साताऱ्याहून फोनवर चौकशी केली होती!

दसऱ्याला कपाट सांगलीला, काकूंच्या ओसरीवर पोचवले. निघताना प्रवासात वाचायला म्हणून एक पुस्तक सहज उचलले.

"वहीत नाव लिही हो," काकू म्हणाल्या.

मी मुकाट्याने लिहिले.