घाटघरचा आकडा कुठला?

आमचं घर भंडारदऱ्याचं. पावसाळ्यात आजोबा रोज पेपरातले पावसाचे आकडे वहीत उतरवायचे. प्रवरेवरचं धरण १९२६ सालचं, आजोबांची वही त्याच्यापेक्षा बरीच तरुण. पट्टीने मारलेल्या उभ्या रेघा, डावीकडे गावं, उजवीकडे मिलिमीटर. गेल्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला आणि वही थांबली. फोनवर अक्षर मोठं करता येतं, म्हणून म्हटलं, आकडे मी टाकतो, तक्ता प्रोग्राम काढेल.

पायथनमध्ये पंधरा मिनिटांचं काम. गावाच्या नावाला बारा जागा, कमी पडतील तिथे स्पेस, मग आकडा. चालवलं, तर आकडे घाटरस्त्यासारखे वाकडेतिकडे. तरी स्क्रीनशॉट पाठवला. लगेच फोन आला, "यातला घाटघरचा आकडा कुठला रे?"

गोची मोजण्यात होती. 'पांजरे' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पायथनला सहा: प, काना, अनुस्वार, ज, र, मात्रा. 'भंडारदरा' आपले पाच, त्याचे आठ. युनिकोडमध्ये प्रत्येक खुणेला वेगळा क्रमांक आहे आणि पायथन ते क्रमांक मोजतं. टर्मिनल म्हणजे मात्र चौकटीची वही. अनुस्वार आणि मात्रा डोक्यावर बसतात, चौकट अडवत नाहीत. काना अडवतो. मग डोक्यावरच्या खुणा मोजणीतून वगळल्या. माझ्या लॅपटॉपवर जवळपास जमलं, दुसऱ्या टर्मिनलवर फॉन्ट बदलला आणि पुन्हा तेच.

ऑफिसातला मित्र म्हणाला, "नावं इंग्रजीत टाक ना." टाकली. रांग एका झटक्यात सरळ! त्या दिवशी आजोबांचा फोन आला नाही. संध्याकाळी मीच केला, तर म्हणाले, "आज मराठी पेपर आला नाही का?" त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मला हे लहानपणापासून माहीत आहे, आणि तरी मी ते पाठवलं होतं.

रात्री कोडची एक ओळ उलटी केली. आधी आकडा, मग नाव. आकड्यांना काना-मात्रा नसतात, ते उजवीकडून सरळ लागतात. नाव ओळीच्या शेवटी, त्याच्यापुढे काहीच नाही, मग ते कितीही लांब होऊ दे. इतका वेळ मी स्पेस मोजत बसलो होतो.

सकाळी फोन आला. "गाव मागं का टाकलंस?"

सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं. पण घाटघर वर घे. भंडारदरा काय पहिलं लिहितोस, धरण भरतं ते तिकडच्या पावसानं."