अम्मीच्या पैशाची खोली

अहमदाबादच्या जुन्या शहरातली दोन हॉटेलं मी पंधरा दिवस मोबाईलवर आलटून पालटून बघत होते. एक खाडियातल्या पोळमधली हवेली. पोळ म्हणजे एका फाटकाआड वसलेली अरुंद गल्ली, जिथे कोणाकडे कोण पाहुणा आला हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोरीव लाकडी खांब, मध्ये उघडा चौक, चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं, खोलीत झोपाळा. रात्रीचे ३२०० रुपये. दुसरं लाल दरवाजाजवळचं जुनं हॉटेल. रंगीत काचांच्या खिडक्या, नक्षीच्या फरश्या, जाळीच्या दाराची लिफ्ट आणि बाहेर सिटी बसचा गोंगाट. रात्रीचे ३४००.

फरक दोनशे रुपयांचा, पण पैसे अम्मीचे होते. नानांची अक्कलकोटकडची जमीन विकली गेली तेव्हा मामूंनी तिचा हिस्सा दिला, नाना गेल्यावर वीस वर्षांनी. आमच्याकडे बहिणी हिस्सा ‘माफ’ करतात आणि ईदला भावाकडून साडी घेतात. कुराणात मुलीचा वाटा स्पष्ट सांगितला आहे, पण माफीची रीतच जास्त कसोशीने पाळली जाते. दोन्ही खालांनी माफ केला. अम्मीने केला नाही, म्हणून दोन वर्षं मामूंच्या घरचं कुठलंच बोलावणं आलं नाही. पैसे हातात आल्यावर ती म्हणाली, “अहमदाबाद देखना है. मुसाफिरखाने में नक्को, अच्छे होटल में.”

अब्बा सोलापुरात मागावर होते. मागाचे सुटे भाग आणायला अहमदाबादला जायचे, मुसाफिरखान्यात झोपायचे आणि परत आल्यावर दर वेळी अम्मीला सांगायचे, पुढच्या खेपेला तुला नेतो.

मला हवेलीच हवी होती. फोटो सुंदर होते हे एक, आणि थोडा हट्टही होता, की त्या पोळमधल्या शेजाऱ्यांनी आम्हालाही पाहुण्यांत धरावं. तिथे फक्त शाकाहारी जेवण, त्याचं काही नव्हतं. तीन दिवस मटण नाही खाल्लं तर काय बिघडतं. काळजी होती नावाची. आधी एकदा दुसऱ्या एका शहरात आमची खोली पक्की झाली होती. आधार कार्ड पाठवलं आणि तासाभरात निरोप आला, ‘खोलीत काम निघालंय.’ निघालंही असेल. तेव्हापासून मी आधी फोन करते आणि पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगते.

हवेलीच्या मालकांनी नाव ऐकून घेतलं. सोबत कोण, विचारलं. आई, सदुसष्ट वर्षांची, मी म्हटलं. ते जरा थांबले. मग म्हणाले, “बेन, खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना उभा आहे, धरायला नुसता दोर. माताजींना झेपणार नाही. खाली खोली नाही आमच्याकडे.”

मी फोन ठेवला आणि त्या जिन्यावर अर्धा दिवस धुमसत राहिले. जिना खरा, की नाव? ज्यांना हा प्रश्न कधी पडला नाही त्यांना वाटेल, एवढं काय त्यात. पण एकदा ठेच लागली की साधा नकारही साधा वाटत नाही, आणि खरं काय ते विचारायची सोयही नसते. संध्याकाळी अम्मीला सगळं सांगितलं. ती गुडघ्यांना तेल लावत होती. म्हणाली, “मेरे घुटने उसको फोन पे दिखे, तेरेकू घर में नै दिखे?”

लाल दरवाजाचं हॉटेल घेतलं. नाव तिथेही सांगितलं. त्यांनी फक्त गाडी किती वाजता पोहोचते ते विचारलं.

गरम पाणी उशिरा यायचं आणि बसचे हॉर्न पहाटेच सुरू व्हायचे. पण भद्रचा किल्ला, तीन दरवाजा आणि १४२४ सालची जामा मशीद तिथून जवळजवळ एका ओळीत आहेत. अम्मी बसत-उठत, स्वतःच्या पायांनी गेली. सिदी सैयद मशिदीच्या जाळीसमोर तर ती इतका वेळ उभी राहिली, की मीच ओट्यावर टेकले.

तीन दरवाजात एका कोनाड्यात दिवा असतो. लक्ष्मीसाठीचा हा दिवा पिढ्यान्‌पिढ्या एक मुसलमान कुटुंब तेवत ठेवतं. तिथेच १८१२ सालचा देवनागरी शिलालेख आहे, मराठ्यांचे सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा. मुलीला बापाच्या मालमत्तेतला वाटा विनातक्रार द्यावा, न दिल्यास हिंदूने महादेवाला आणि मुसलमानाने अल्लाहला जाब द्यावा, अशा अर्थाचा हुकूम. मी अम्मीला समजावून सांगितला. तिने विचारलं, “फोटो निकाली क्या? मामू कू भेज.” मी अजून पाठवलेला नाही.

तिसऱ्या दिवशी अम्मी झोपली असताना मी खाडियात जाऊन हवेली शोधली. मालकांनी चहा दिला, माताजी कुठे आहेत विचारलं आणि वरची खोली बघायला पाठवलं. जिना भिंतीला शिडी टेकवावी तसा उभा. मी दोर धरून चढले आणि उतरताना आधी बसले, मग पाय खाली टाकला. त्या अर्ध्या दिवसाबद्दल त्यांना काही बोलले नाही.

निघताना हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने विचारलं, बिल कुणाच्या नावाने करू? मी तोंड उघडायच्या आत अम्मीने बटव्यातून नोटा काढल्या आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. त्याने लिहिताना वेलांटी चुकवली, ती तिने दुरुस्त करून घेतली.