नेक्स्ट

वर्गात जी मुलं गप्प बसतात त्यांना काही येत नसतं, असं मी वर्षानुवर्षं मानत आले. मराठी शाळेत इंग्रजी शिकवताना माझी एक ठरलेली पद्धत होती. प्रश्न विचारायचा, उत्तर आलं नाही की ‘नेक्स्ट’ म्हणून पुढच्या बाकाकडे वळायचं. तास वेळेत संपायचा, पोर्शन पूर्ण व्हायचा. हुशार कोण आणि कच्चं कोण, हेही जूनमध्येच माझ्या मनात ठरून जायचं आणि मग ते सहसा बदलत नसे.

साधनांबद्दलचं माझं मतही असंच पक्कं होतं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यानंतर चित्रकार्डं, कॅसेटी, सीडी, पुढे पुस्तकातले क्यूआर कोड, असं काही ना काही शाळेत येतच राहिलं. मला तो पोरखेळ वाटे. माझे वडील तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकले होते. घोकल्या-लिहिल्याशिवाय भाषा येत नाही, हे मी घरातच ऐकलेलं. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ हा रेडिओ कार्यक्रम तयार केला होता. रेडिओ प्रश्न विचारून थांबायचा आणि तेवढ्यात मुलांनी बोलायचं, अशी त्याची रचना. तो वर्गात लावला की ती शांतता मला सोसवत नसे. मुलांनी तोंड उघडायच्या आत मीच उत्तर सांगून मोकळी व्हायचे. कार्यक्रमातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मी रोज माझ्या आवाजाने बुजवत होते, हे कळायला मला फार उशीर लागला.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. आमची बहुतेक मुलं मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायांची. घरात फोन एक, तोही वडिलांसोबत बाहेर. व्हिडिओ पाठवला तर नेटपॅक एका दिवसात संपणार, म्हणून नाइलाजाने मी आवाजातले धडे रेकॉर्ड करायला लागले. नागपुरात आमच्या घराजवळ, मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर, एरवी हॉर्नचा गोंगाट असे. त्या दिवसांत एखादी मालगाडी गेली तरच रेकॉर्डिंग थांबवावं लागे. पहिला धडा होता दुकानातला संवाद. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याआधी मी तो एकदा ऐकला. मी विचारत होते, ‘हाउ मच इज धिस?’ आणि श्वाससुद्धा न घेता पुढचं वाक्यही मीच म्हणत होते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त मीच बोलत होते. तरीही तो धडा मी तसाच पाठवला. ऐकलेलं मनात खुपलं होतं, पण ते मान्य करायची तयारी नव्हती.

रात्री उशिरा एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. सातवीतली ही मुलगी वर्गात कधीच बोलली नव्हती, आणि माझ्या लेखी ती कच्च्यांतली होती. मेसेजच्या सुरुवातीला कुकरची शिट्टी, भावाचं रडणं, मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ती बोलली. वाक्य अर्ध्यावर तुटलं. ती थांबली, क्रियापद बदललं आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून, नीट म्हणाली. कोणी चूक दाखवली नव्हती. तिची तिलाच सापडली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला आणि विचारलं, ‘अगं, वर्गात का नाही बोललीस कधी?’ ती म्हणाली, ‘मॅडम, मले येत होतं. मी मनात वाक्य करून राहिली होती, तोवर तुमी पुढच्याले विचारलं.’

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्यानंतर आणायचं, काळ सांभाळायचा, शब्द शोधायचा आणि वर चाळीस जणांसमोर उच्चारायचं. हे सगळं ती डोक्यात करत असताना मी ‘नेक्स्ट’ म्हणत होते. तंत्रज्ञान मुलांना विचार करू देत नाही, असं शिक्षकांच्या बैठकीत ठासून सांगणारी मीच त्यांच्या विचाराची वेळ हिरावून घेत होते. माझ्या घाईला मी त्यांचं अज्ञान म्हणत आले.

नंतर वाचलं, तेव्हा कळलं की हे कधीचं माहीत असलेलं आहे. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. रेडिओने प्रश्न विचारून थांबायचं, ही पद्धतही १९७४ मध्ये निकाराग्वात गणितासाठी सुरू झालेल्या प्रकल्पापासून जगभर गेली. ज्या शांततेला मी वाया गेलेला वेळ समजले, ती कोणीतरी विचारपूर्वक ठेवलेली होती.

म्हणून मी आता यंत्रांची भक्त झाले, असं नाही. स्मार्ट बोर्डावरचे पुष्कळ धडे मी पाहिले. त्यांतले बरेचसे माझ्याइतकेच अखंड बोलतात, फक्त रंगीत असतात. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा त्यांच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचं कौतुक सगळीकडे झालं. मला त्या कोडचं मोल आता वेगळ्या कारणाने पटतं. घरी, कोणी बघत नसताना, मुलाला तोच धडा हवा तितक्यांदा ऐकता येतो. कुठलंही नवं साधन हाती आलं की आता मी आधी एवढंच बघते, की हे गप्प कधी होतं?

सध्या मी पाठ्यपुस्तकातले संवाद पुन्हा रेकॉर्ड करते आहे, प्रत्येकातलं एक पात्र गाळून. भाजीवाली मी असते. गिऱ्हाइकाच्या वाक्यांच्या जागी नुसती शांतता, आणि ती किती लांब ठेवायची हे त्या मुलीला विचारून ठरवते. ती आता कॉलेजात आहे. परवाचा धडा ऐकून तिने कळवलं, ‘मॅडम, अजून थोडं थांबा.’