रविवारची फुसफूस

आम्ही दोघे भाऊ याच शाळेचे माजी विद्यार्थी. बॉइलचा नियम पाठ करून मार्क मिळवले आणि विसरलो. त्याची आठवण करून दिली ती उद्यमबागेतल्या आमच्या मशीन शॉपच्या वीजबिलाने.

फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे आम्ही मशीनिंग करतो. जॉब पकडणारे क्लॅम्प हवेवर चालतात. शेवटच्या मशीनचा क्लॅम्प सैल पडू लागला, जॉब रिजेक्ट होऊ लागले, म्हणून कॉम्प्रेसरचे प्रेशर सहा किलोवरून सात आणि मग आठ केले. तरी हवा पुरेना. दुसरा कॉम्प्रेसर घ्यायचे ठरले, कर्जाचे कागदही तयार झाले. रात्रपाळीचे मामा कॉम्प्रेसर उगाच चालू ठेवतात, असे म्हणून आम्ही त्यांना चारचौघांत बोललो. वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस. एवढेच म्हणाले, "एक रविवार येऊन बघा की."

गेलो. एकही मशीन चालू नव्हते. टाकी भरली आणि घड्याळ लावून बसलो. दोन मिनिटांत प्रेशर उतरले, कॉम्प्रेसरने पुन्हा लोड घेतला, एक मिनिट हवा भरून थांबला. पुन्हा तेच. म्हणजे तीन मिनिटांतले एक मिनिट, कॉम्प्रेसरच्या ताकदीचा तिसरा हिस्सा, नुसत्या गळतीला! एरवी मशीनच्या आवाजात बुडणारी फुसफूस चहूकडून ऐकू येत होती. मामांनी साबणाचे पाणी आणले. कपलिंग, चिरलेले होज, अर्धवट बंद केलेला ड्रेन कॉक. जिथे फेस, तिथे खडूची खूण. 22 खुणा झाल्या.

नळ गळला तर आपण उठून बंद करतो. हवा मात्र दिसत नाही, शिवाय फुकटची वाटते. पण सात किलो प्रेशरची एक लिटर हवा म्हणजे बाहेरची सुमारे आठ लिटर हवा (हाच तो बॉइल), आणि ती दाबताना बहुतेक वीज उष्णता होऊन निघून जाते. या प्रेशरला 3 मिलिमीटरच्या एका भोकातून साडेतीन किलोवॉटच्या आसपास, म्हणजे चार अश्वशक्तींहून अधिक, वाया जाते. प्रेशर एक किलोने वाढवले की वीज सहा-सात टक्के जास्त लागते, आणि गळतीही वाढते. आम्ही औषध समजून रोगच वाढवत होतो.

खुणा एकेक करून बुजवल्या. शेवटच्या मशीनपर्यंत जाडी पाइप टाकली आणि प्रेशर पुन्हा सहावर आणले. पत्र्याच्या तापलेल्या खोलीतली हवा ओढणारे तोंड बाहेर सावलीत काढले. आत जाणारी हवा 4 अंशांनी थंड असली तर सुमारे एक टक्का वीज वाचते. एअर गनने अंगावरचे कपडे झाडायची सवयही मोडली. ती महाग तर आहेच, धोक्याचीही आहे. कर्जाचे कागद कपाटातच राहिले.

सोमवारी, त्याच चारचौघांसमोर, आम्ही मामांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि टेफ्लॉन टेपचे आणखी दोन रोल मागितले.